पऱ्हाटीपासून ग्राफाइट : किती खरं, किती दूर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, गिरड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू काय काम करते ते वीस मिनिटांत सांग." माझं काम सांगायला दोन वाक्यं पुरतात. नागपूरला इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी किती भरली, किती तापली, तिच्यातला कोणता सेल दमत चालला, हे मोजून सांगणारे प्रोग्रॅम आम्ही बनवतो. यावर वीस मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी तेव्हा झोपायची तशी आताही झोपतील. म्हणून विषय मी माझ्या मनाने बदलला. आपल्या व्हॉट्सअॅप गटावर दिवाळीपासून ज्या गोष्टीची चर्चा चालली आहे, तिच्यावरच बोलते.

तुम्हाला ती चित्रफीत आठवत असेल. पऱ्हाटीच्या काड्या एका भट्टीत घालतात, खालून काळी भुकटी निघते, त्या भुकटीतून वीज जाऊन बल्ब पेटतो, आणि मागून आवाज येतो की आता शेतातल्या कचऱ्यापासून कमी तापमानात ग्राफाइट, बॅटरीचा माल, तोही तुमच्या गावात. आपल्यातले काही जण त्यात पैसे घालायला निघाले आहेत. त्यातल्या एकाने मला फोन करून सरळ विचारलं, "अवं, तू बॅटरीच्या कामात आहे ना, मंग सांग, हे खरं हाय का खोटं?"

मी रसायनशास्त्राची नाही. पण त्या शास्त्राच्या लोकांसोबत माझी रोजची उठबस आहे. त्यांना विचारलं, शोधनिबंध वाचले, आणि जे समजलं ते आज मांडते. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना जेवणाची घाई आहे त्यांची सोय होईल. काडीपासून ग्राफाइट होतं, हे खरं आहे. पण ज्या टप्प्यावर तुम्हाला पैसे लावायला सांगत आहेत तो टप्पा आज गावाच्या आवाक्यातला नाही. त्याच्या आधीचा टप्पा मात्र आहे, आणि तो आपल्या हातून जाऊ देऊ नये.

आता सुरुवातीपासून सांगते.

पऱ्हाटी तुम्हाला मी काय सांगावी? वेचणी संपली की वावरात काड्या उभ्या राहतात. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन, म्हणजे एकरी आठ ते बारा क्विंटल वाळलेली काडी निघते. गुलाबी बोंडअळी आल्यापासून या काड्यांचं महत्त्व वाढलं आहे. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, धुऱ्यावर रचून ठेवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण राहिलेल्या बोंडांत अळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात परत येते. उपटायला मजुरी लागते, न्यायला गाडी लागते, आणि घेणारा कोणी नाही. मग शेतकरी काडी पेटवून देतो. एकरी दहा क्विंटल माल अर्ध्या तासात धूर होतो. म्हणून कोणी "तुमची काडी विकत घेतो" म्हटलं की कान टवकारले जाणारच. यात कोणाचाही भोळेपणा नाही.

काडीचा उपयोग शोधणारे लोक नवीन नाहीत. मुंबईच्या माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणारी संस्था आहे, आज तिला सिरकॉट म्हणतात, नागपूरलाही तिचं केंद्र आहे. तिथे पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र तयार झालं, कांडी-कोळसा आणि पेलेट झाले, काडीच्या भुशावर अळिंबीही घेऊन दाखवली. म्हणजे ग्राफाइट ही या यादीतली सर्वांत नवी आणि सर्वांत अवघड गोष्ट आहे.

अवघड का, हे समजायला ग्राफाइट म्हणजे काय ते पाहू. उमरेडच्या खाणीतला दगडी कोळसा, चुलीतला विझवलेला कोळसा, कंपासपेटीतल्या पेन्सिलीचं शिस, तिन्हींचा मुख्य घटक कार्बनच. फरक मांडणीचा. आपली मधली सुट्टी आठवा. तीच चारशे पोरं मैदानभर पसरलेली, घोळक्याघोळक्याने. आणि तीच चारशे पोरं प्रार्थनेला ओळीत उभी. पोरं तीच, संख्या तीच, पण ओळीत उभी असली की मधून चालत जाता येतं. लाकडी कोळसा म्हणजे मधली सुट्टी. ग्राफाइट म्हणजे प्रार्थना. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू सपाट थरांत बसलेले असतात, थरावर थर, आणि दोन थरांमध्ये ठरावीक अंतर, ०.३३५४ नॅनोमीटर. लिथियमच्या बॅटरीत आपण चार्जिंग करतो तेव्हा लिथियम या थरांच्या मधल्या वाटांत जाऊन बसतं आणि गाडी चालवली की बाहेर येतं. दर सहा कार्बनमागे एक लिथियम, असा हिशेब आहे. एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला साधारण एक किलो ग्राफाइट लागतं. तीन युनिटांची बॅटरी असलेली स्कूटर घेतली तर तुमच्या पायाखाली तीनेक किलो ग्राफाइट आहे.

हे ग्राफाइट येतं कुठून? काही खाणीतून, काही कारखान्यातून. जगातलं बॅटरीचं बहुतेक ग्राफाइट चीनमधून तयार होऊन येतं, आणि डिसेंबर २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना लावला. तेव्हापासून सगळे देश दुसरी वाट शोधताहेत. आपल्याला येणाऱ्या चित्रफितींचं मूळ इथे आहे.

कारखान्यात ग्राफाइट करायची जुनी रीत एडवर्ड अॅचेसन या अमेरिकन माणसाने १८९० च्या दशकात शोधली. पेट्रोलियमपासून मिळणारा कोक घ्यायचा आणि विजेच्या भट्टीत अडीच ते तीन हजार अंशांपर्यंत तापवायचा. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या नाशिकला ग्राफाइट इलेक्ट्रोड बनवणारा कारखाना आहे, पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना ते लागतात. त्या कामातही ही प्रचंड उष्णता चुकत नाही आणि विजेचं बिलही चुकत नाही.

मग काडीचा कोळसा त्याच भट्टीत घातला तर? गंमत अशी की तो ग्राफाइट होत नाही. तीन हजार अंशांनाही होत नाही. हे कोणी दाखवलं, माहीत आहे? रोझालिंड फ्रँकलिन यांनी. आपल्या पुस्तकांत त्यांचं नाव डीएनएच्या छायाचित्रासाठी येतं. पण त्याआधी कितीतरी वर्षं त्या कोळशावर काम करत होत्या. १९५१ मध्ये त्यांनी लिहिलं की कार्बन दोन स्वभावांचे असतात. एक तापवला की ओळीत येणारा, दुसरा कितीही तापवला तरी न येणारा. पेट्रोलियमचा कोक पहिल्या जातीचा, कारण तो तापताना मध्येच मऊ होतो, अणूंना सरकायला जागा मिळते. लाकूड, काडी, करवंटी, साखर यांचा कोळसा दुसऱ्या जातीचा. झाड उभं राहण्यासाठी त्याच्या अंगातल्या सेल्युलोज आणि लिग्निनची घट्ट वीण असते. तापवल्यावर ती वितळत नाही, आहे त्या जागीच कोळसा होते. प्रार्थनेच्या भाषेत सांगायचं तर पोरांनी एकमेकांचे हात इतके आवळून धरले आहेत की पीटीच्या सरांनी कितीही जोरात शिट्टी वाजवली तरी घोळका मोडत नाही.

इथे तो "कमी तापमानाचा" मार्ग येतो. काडी बारीक करायची, लोहाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची, आणि हवा लागू न देता आठशे ते हजार अंशांपर्यंत तापवायची. म्हणजे साधारण वीटभट्टीइतका ताप. लोहाचे अतिशय बारीक कण तयार होतात. लोहाचा गुण असा की ते तापल्यावर कार्बन आपल्यात विरघळवून घेतं. कण एका बाजूने विस्कळीत कार्बन खातो आणि दुसऱ्या बाजूने ओळीत मांडलेला कार्बन बाहेर टाकतो, कारण ओळीतला कार्बन जास्त स्थिर असतो. सरांच्या शिट्टीने जे झालं नाही ते वर्गाच्या मॉनिटरने केलं. चार-चार पोरांना हाताला धरून नेलं आणि ओळीत उभं केलं. निकेल आणि कोबाल्ट यांनाही हे जमतं, पण लोह स्वस्त आणि त्या मानाने निर्धोक. वितळलेल्या मिठात वीज सोडून याच तापमानाच्या आसपास कार्बनला ओळीत आणण्याचीही एक रीत प्रयोगशाळांत झाली आहे.

जो पदार्थ दुसऱ्याची घडण बदलतो आणि स्वतः त्यात खपत नाही, त्याला आपण शाळेत उत्प्रेरक म्हणायला शिकलो. गिरडच्या पोरांना ही कल्पना जड जाऊ नये. फरीदबाबांच्या टेकडीवरची सुपारीएवढी, जायफळाएवढी गोल दगडं आपण सगळ्यांनी खिशात भरून आणली आहेत. बाबांची चेष्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा नारळ-सुपारीचा माल दगड झाला, ही कथा आपण ऐकत मोठे झालो. ब्रिटिश काळच्या गॅझेटियरने ही कथा नोंदवली आहे आणि त्या दगडांना झिओलाइटचे गोळे म्हटलं आहे. झिओलाइट हे नाव मला पुढे पुन्हा भेटलं ते तेल शुद्धीकरणाच्या कामात. तिथे कारखान्यात बनवलेले झिओलाइट उत्प्रेरक म्हणून वापरतात, जड तेलाचं हलकं पेट्रोल करायला. टेकडीवरच्या दगडाने कोणी पेट्रोल करत नाही, पण घराणं एक आहे.

तर शास्त्र खरं आहे. आणि आपल्या राज्यातही या वाटेवर चांगलं काम झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने २०१३ मध्ये कडुलिंबाच्या वाळक्या पानांपासून वीज साठवणारा कार्बन बनवला. गळलेली पानं, त्यांची भुकटी, हवेविना हजार अंशांचा ताप, बस. एका ग्रॅमच्या पोटात १,२३० चौरस मीटर पृष्ठभाग निघाला, आणि तो सुपरकपॅसिटरसाठी वापरून दाखवला. आयआयटी मुंबईचे महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून कार्बनच्या नळ्या केल्या, आणि मधुरी शेरॉन यांच्यासोबत वनस्पतींच्या तेलांवर, तंतूंवर कितीतरी वर्षं काम केलं. परदेशात न्यूझीलंडची कार्बनस्केप ही कंपनी लाकडाच्या तुकड्यांपासून लोहाच्या मदतीने बॅटरीचं ग्राफाइट बनवते आहे, आणि २०२३ मध्ये कागद-लाकूड उद्योगातल्या मोठ्या कंपनीने त्यात पैसे घातले.

पण हे नीट ऐका. कडुलिंबाच्या पानांचा तो कार्बन ग्राफाइट नव्हता. तो छिद्राछिद्रांचा, विस्कळीत, पण वीज वाहणारा कार्बन होता आणि त्या कामाला तोच चांगला. सोडियमच्या नव्या बॅटऱ्यांना तर ओळीत न येणारा कार्बनच लागतो, नारळाच्या करवंटीपासून तसा माल बनतोही. म्हणजे आपल्या काडीचा हट्टी स्वभाव हा प्रत्येक वेळी दोष नाही. कोणत्या कामाला कोणता कार्बन, हे आधी ठरवावं लागतं. जो माणूस "कार्बन म्हणजे ग्राफाइट, ग्राफाइट म्हणजे बॅटरी" असं एका दमात म्हणतो, त्याने हे ठरवलेलं नसतं.

आता पैशाच्या गोष्टीकडे येते. वाटेत अडचण कुठे आहे, तर तापमानात नाही, शुद्धतेत आहे. साधा हिशेब करू. दहा क्विंटल वाळलेली काडी घेतली. नीट जाळली तर चौथा हिस्सा, म्हणजे अडीच क्विंटल कोळसा उरतो. काडीत शंभराला चार भाग राख आहे असं धरा, तर दहा क्विंटलात चाळीस किलो राख. कोळसा करताना राख उडून जात नाही, ती सगळी त्या अडीच क्विंटलात राहते. म्हणजे शंभर किलो कोळशात सोळा किलो राख. उपटलेल्या काडीच्या मुळाला चिकटून आलेली काळी माती वेगळीच. आणि बॅटरीवाले किती शुद्ध मागतात? ९९.९५ टक्के. शंभर किलोत दुसरं काही फार तर पन्नास ग्रॅम. सोळा किलोवरून पन्नास ग्रॅमवर यायचं आहे.

त्यात आपण वरून लोह घातलं, तेही काढायचं. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. बरंच लोह निघतं, पण काही कणांभोवती ग्राफाइटचीच कवचं तयार झालेली असतात, तिथपर्यंत आम्ल पोचत नाही. मॉनिटर स्वतःच ओळीत अडकला. राखेतला वाळूसारखा सिलिका या आम्लाने जात नाही, त्याला कडक अल्कली किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि ते दुसरं आम्ल हाडापर्यंत जाणारं आहे. त्याची बाटली मी आपल्या गावात बघू इच्छित नाही. मग धुण्याचं पाणी. आम्लाचं, लोहाचं पिवळं पाणी कुठे सोडणार? नाल्यात सोडलं तर ते विहिरीत येईल. एवढं सगळं करूनही प्रत्येक काडीतला सगळा कार्बन ओळीत येत नाही. लोहाच्या कणांच्या आसपासचा येतो, बाकीचा राहतो.

म्हणून पैसे मागायला आलेल्या माणसाला चार गोष्टी विचारा. मी त्या सोप्या करून आणल्या आहेत.

पहिली, बल्बची. बल्ब पेटला म्हणून ग्राफाइट झालं असं होत नाही. चारशे-पाचशे अंशांचा कोळसा वीज फारशी वाहत नाही, पण तोच कोळसा नऊशे अंशांपर्यंत तापवला की वाहतो, विस्कळीत असला तरी. बल्बवरून भट्टी चांगली तापली होती एवढंच कळतं.

दुसरी, लोहचुंबकाची. लोहाची रीत वापरली असेल तर भुकटीजवळ चुंबक धरा. भुकटी ओढली गेली तर लोह आत आहे, माल अजून धुवायचा आहे.

तिसरी, राखेची. दहा ग्रॅम भुकटी उघड्या मुशीत सगळा कार्बन जळेपर्यंत तापवा आणि उरलेली राख तोलून पाहा. एक ग्रॅम उरली तर तो दहा टक्के राखेचा कोळसा आहे, मग त्याला कोणतंही नाव द्या.

चौथी, क्ष-किरणांच्या तपासणीची. थरांमधलं अंतर मोजायची ही रीत आहे, एक्सआरडी म्हणतात. आलेखावर २६.५ अंशांच्या जवळ सुईसारखं टोकदार शिखर आलं तर ग्राफाइट. पसरट टेकडी आली तर मधली सुट्टी. नागपूरला व्हीएनआयटीसारख्या संस्थेत हे यंत्र आहे. नमुना तुम्ही स्वतः तुमच्या हाताने भट्टीतून उचला आणि तुम्ही स्वतः पाठवा. विकणाऱ्याने आणलेला अहवाल हा विकणाऱ्याच्या नमुन्याचा असतो.

या चार गोष्टींना जो सरळ उत्तर देईल त्याच्याशी पुढे बोला. जो चिडेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता मी म्हटलं त्या आधीच्या टप्प्याबद्दल. काडीचा चांगला, एकसारखा, कमी मातीचा कोळसा करणं हे काम गावात होऊ शकतं आणि आजच होऊ शकतं. पुण्याच्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि कांड्या करण्याची साधी भट्टी तयार केली, २००२ मध्ये तिला ब्रिटनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. तेच तत्त्व काडीला चालतं. बंद पिंपात काडी, बाहेरून जाळ, आणि काडीतून निघणारा वायू त्याच जाळात परत. दोनच गोष्टी जिवावरच्या आहेत. बंद खोलीत हे कधीही करायचं नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि गरम कोळसा हवेत उघडला की पेट घेतो, थंड होईपर्यंत पिंप बंद ठेवायचं.

या कोळशाला गिऱ्हाईक आहे का? कांडी म्हणून आहे. न जाळता पेलेट केले तरी आहे, कारण औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशासोबत जैव पेलेटही जाळावेत असं केंद्राचं धोरण आहे. शेतात टाकावा का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बायोचार म्हणून त्याचं फार कौतुक होतं. पण तो कोळसा अल्कधर्मी असतो, आणि आपली काळी जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली. आम्लधर्मी लाल जमिनीत जो फायदा दिसतो तोच इथे दिसेल असं धरून चालू नका. शेणखतात मुरवून, एका तासात टाकून, शेजारच्या तासाशी ताडून बघा. आणि उद्या खरोखर एखादा मोठा कारखाना काडीचं ग्राफाइट करू लागला, तर त्याला आधी लागेल तो हाच माल. कमी राखेचा, वजनाचा हिशेब असलेला, दरवेळी सारखा निघणारा कोळसा. अशा कोळशाचं चार वर्षांचं रेकॉर्ड ज्या गावाकडे असेल, त्या गावाला भाव ठरवताना बोलता येईल. नाहीतर सुट्टी काडी गाडीभर किती रुपयांना, एवढाच प्रश्न उरेल.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी परदेशच्या बाजारात होतं. कापूस गेला, कापड आलं, आणि मधला सगळा पैसा वाटेत राहिला. १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा जे. सी. कुमारप्पा याच प्रश्नावर काम करत होते, की कच्च्या मालावरचं काम किती गावात राहतं. आज त्याच मगनवाडीत एमगिरी ही ग्रामीण उद्योगांची संस्था आहे. पैसे गुंतवण्याआधी एक चक्कर तिथे मारा, दुसरी नागपूरच्या सिरकॉटच्या केंद्राला. एसटीच्या भाड्यात होतं.

आणखी एक गोष्ट, ती मला कोणत्याही शोधनिबंधात सापडली नाही. सगळे लिहितात "वनस्पतींचा टाकाऊ भाग". टाकाऊ कोणाला? आपल्या वर्गात अशा मुली होत्या ज्यांच्या घरी वावर नव्हतं. वेचणीला गेलेल्या त्यांच्या माया परत येताना डोक्यावर पऱ्हाटीचा भारा आणायच्या. शेतकरी नाही म्हणत नव्हता, कारण काडी त्याच्या कामाची नव्हती. त्या भाऱ्यावर रात्रीची भाकर व्हायची, आंघोळीचं पाणी तापायचं. कुडाच्या भिंतीतही तीच काडी. २०१६ नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर आले, पण सिलिंडर संपल्यावर पुन्हा भरायला पैसे लागतात, आणि अजूनही कितीतरी घरी पाणी काडीवरच तापतं. ज्या दिवशी काडीला भाव येईल, त्या दिवशी ती फुकट मिळणं बंद होईल. मी भाव येऊ नये म्हणत नाही. यावाच. पण गटाचे नियम लिहाल तेव्हा पहिल्याच पानावर लिहा, की प्रत्येक वावरातल्या काडीचा एक ठरलेला वाटा वेचणाऱ्या बायांचा राहील. नंतर लिहू म्हटलं तर ते कधी लिहिलं जात नाही.

शेवटी एक सूचना. या मेळाव्यासाठी जमलेल्या निधीतून काही रक्कम उरते आहे, असं आपल्या खजिनदारांनी सांगितलं. ती त्या चित्रफितीतल्या भट्टीत घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एक झाकणाचं पिंप, एक चांगला वजनकाटा, एक मल्टिमीटर, एक लोहचुंबक आणि एक जाड वही घेऊ, आणि शाळेच्या प्रयोगशाळेला देऊ. येत्या उन्हाळ्यात पाच जणांच्या वावरातली दहा क्विंटल काडी घेऊ. पिंप पेटवतील आपल्यातले शेतकरी, तोलतील आणि वहीत लिहितील नववीची पोरं. किती काडी घातली, किती कोळसा निघाला, किती राख, मुळं कापून घातली तर राख किती कमी झाली. दोन नमुने नागपूरला तपासणीला पाठवायचा खर्च मी देते, आणि वहीतले आकडे मांडायचा प्रोग्रॅम मुलांसोबत बसून लिहिते, ते माझं कामच आहे. एका वर्षाने आपल्याकडे स्वतःचे आकडे असतील. मग जो कोणी ग्राफाइटचा प्रस्ताव घेऊन येईल, त्याच्यासमोर आपण आपली वही ठेवू.

सर, बाई, तुम्ही आम्हाला प्रयोगवही लिहायला लावत होतात. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमान आधी लिहून निरीक्षण नंतर भरणाऱ्यांच्या वह्या तुम्ही परत करत होतात. ती सवय आता आपल्या गावाच्या उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी जेवणानंतर पाण्याच्या टाकीजवळ थांबा, नावं लिहून घेऊ. पाच वावरं लागतील. दोघांनी आधीच होकार दिला आहे.